पॅच बसत नाही, टॅग सापडत नाही: डेबियन पॅकेज सांभाळताना गिट अडतं कुठे

डेबियन या लिनक्स प्रणालीचं पॅकेज गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, सांभाळायचं म्हणजे एकाच सोर्सच्या तीन प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवायच्या. पहिली प्रत म्हणजे अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा, टारबॉल (सगळ्या फायलींचा एकच दाबलेला गठ्ठा), जो डेबियनच्या संग्रहात ‘ओरिग’ नावाने जातो. दुसरी तुमच्या रिपॉझिटरीतली अपस्ट्रीम ब्रँच. तिसरी पॅकेजिंगची ब्रँच: अपस्ट्रीमचाच सोर्स, वर ‘डेबियन’ फोल्डर आणि त्यातले पॅच, म्हणजे त्या सोर्समध्ये करायच्या बदलांच्या फायली. बिल्ड फुटला, पॅच बसेना, टॅग मिळेना, या तक्रारींत गिट बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. या तिघींपैकी दोघींचं एकमेकींशी बिनसलेलं असतं, इतकंच. म्हणून एरर आली की आधी बघायचं ते कुठल्या दोन प्रतींत फरक पडलाय. एररचा मजकूर शोधून जो उपाय हाती लागेल तो चिकटवला तर एरर जाते, फरक तसाच राहतो आणि पुढच्या आवृत्तीला व्याजासकट परत येतो.

इथे गृहीत धरलंय की तुम्ही गिटमधून डेबियन पॅकेज बांधणारं गिट-बिल्डपॅकेज, म्हणजे ‘जीबीपी’ वापरता, सोर्सचा प्रकार ‘३.० (क्विल्ट)’, म्हणजे पॅच वेगळ्या फायलींत ठेवून क्रमाने चढवणारा आहे, आणि ब्रँचची नावं डेप-१४ या डेबियनच्या संकेताप्रमाणे ‘डेबियन/लेटेस्ट’, ‘अपस्ट्रीम/लेटेस्ट’ आणि ‘प्रिस्टीन-टार’ अशी आहेत. नावं वेगळी असतील तर ती ‘डेबियन/जीबीपी.कॉन्फ’मध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या कुणी क्लोन केल्यावर होणारा निम्मा गोंधळ त्या चार ओळींनी वाचतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

टॅग नाही, टारबॉलही बनत नाही

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी एरर: ‘अपस्ट्रीम/१.२ इज नॉट अ व्हॅलिड ट्रीइश’. ‘डेबियन/चेंजलॉग’ या आवृत्तीनोंदींच्या फाइलमध्ये सगळ्यात वर १.२-१ ही आवृत्ती आहे, जीबीपी त्यावरून ‘अपस्ट्रीम/१.२’ नावाचा टॅग शोधतंय आणि तो तुमच्या क्लोनमध्ये नाही. दहातल्या नऊ वेळा आधीच्या मेंटेनरने ब्रँच पुश केल्या आणि टॅग विसरला. ‘गिट पुश’ टॅग आपणहून पाठवत नाही. तिन्ही ब्रँच आणि टॅग एकदम पाठवायला ‘जीबीपी पुश’ आहे, आणि आणताना साध्या ‘गिट क्लोन’ऐवजी ‘जीबीपी क्लोन’ वापरायचं, नाहीतर अपस्ट्रीम आणि प्रिस्टीन-टार या ब्रँच लोकल बनतच नाहीत.

टॅग खरोखरच कुणाकडे नसेल, तर अपस्ट्रीम ब्रँचवरचं आयातीचं कमिट शोधून हाताने टॅग लावता येतो. पण लावण्याआधी ते कमिट आणि संग्रहातला टारबॉल एकच आहेत का, ते बघा:

टार -एक्सएफ ../फू_१.२.ओरिग.टार.जीझेड -सी /टीएमपी/तपास
गिट --वर्क-ट्री=/टीएमपी/तपास/फू-१.२ डिफ --स्टॅट <कमिट>

यात काहीही छापलं गेलं नाही तर टॅग लावा. फायली नाहीशा झालेल्या दिसल्या तर ते कमिट चुकीचं आहे. या तुलनेत टारबॉलमधल्या जास्तीच्या फायली दिसत नाहीत, कारण गिटच्या लेखी त्या अजून नोंदलेल्याच नसतात. त्यासाठी दोन्हीकडच्या फायलींच्या याद्या वेगळ्या काढून ताडून बघाव्या लागतात.

पुढची पायरी प्रिस्टीन-टार. ही ब्रँच टारबॉल साठवत नाही. ती दोन छोट्या फायली ठेवते: एक ‘.डेल्टा’ आणि एक ‘.आयडी’. ‘.आयडी’मध्ये गिटमधल्या कुठल्या ट्रीपासून (एका वेळच्या सगळ्या फायलींच्या नोंदीपासून) सुरुवात करायची तो हॅश असतो. त्या ट्रीचा टार बनवायचा, त्यावर डेल्टा चढवायचा, की मूळ टारबॉल बाइटन्‌बाइट परत मिळतो. त्यामुळे इथे दोन वेगळे बिघाड संभवतात आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. डेल्टाची फाइलच ब्रँचमध्ये नसेल तर प्रिस्टीन-टार ब्रँच पुश झालेली नाही. ‘प्रिस्टीन-टार लिस्ट’ चालवलं की लगेच कळतं. डेल्टा आहे पण ट्री सापडत नाही, असं असेल तर अपस्ट्रीम ब्रँचचा इतिहास कुणीतरी रिबेस केला किंवा फोर्स-पुश केला, आणि जुनी ट्री कुठल्याही ब्रँचवर उरली नाही.

दोन्ही वेळा सुटका एकच: खरा टारबॉल संग्रहातून आणायचा. ‘ओरिगटारजीझेड’ ही देवस्क्रिप्ट्स या डेबियनच्या साधनसंचातली आज्ञा एकामागून एक जागा धुंडाळते. जुनी आवृत्ती असेल तर स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग आहेच. मग

प्रिस्टीन-टार कमिट ../फू_१.२.ओरिग.टार.जीझेड अपस्ट्रीम/१.२

इथे एक मोह आवरायचा. अपस्ट्रीमच्या टॅगवरून ‘गिट आर्काइव्ह’ने स्वतः टारबॉल बनवून तोच ओरिग म्हणून वापरायचा, असा तो मोह. संग्रहात एकदा फू_१.२.ओरिग.टार.जीझेड गेला की त्याच नावाची पण वेगळ्या बाइटची फाइल स्वीकारली जात नाही. आतल्या सगळ्या फायली जुळल्या तरी नाही. फरक कुठल्या पातळीवर आहे ते असं ओळखा: दोन्ही टारबॉल ‘झेडकॅट’मधून काढून शा२५६सम घ्या. ते जुळले तर फरक फक्त जीझिपच्या हेडरचा किंवा दाबण्याच्या पातळीचा आहे. नाही जुळले तर टारमधली क्रमवारी, वेळा, मालक किंवा खरोखर मजकूर वेगळा आहे, आणि मग डिफोस्कोप चालवा. तो नेमकी जागा दाखवतो.

ही बाइटची भानगड किती नाजूक आहे ते ३० जानेवारी २०२३ला जगाने पाहिलं. गिटच्या २.३८ आवृत्तीने आर्काइव्ह दाबण्यासाठी बाहेरच्या जीझिपऐवजी आपलं अंतर्गत कॉम्प्रेशन वापरायला सुरुवात केली होती. गिटहबने ते आपल्या सर्व्हरवर घेतलं आणि आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे चेकसम बदलले. आतला सोर्स तोच होता. चेकसम लिहून ठेवलेले बिल्ड मात्र सगळीकडे फुटले आणि गिटहबला बदल त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. शक्य असेल तिथे अपस्ट्रीमने स्वतः चढवलेला, सही केलेला टारबॉल घ्या. आपोआप बनणारा घेतला तर पहिल्यांदा आयात झाली तीच प्रत पुढे खरी मानायची.

अपस्ट्रीमने टॅग हलवला

‘वुड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग’ असं म्हणून फेच नकार देतो तेव्हा तो तुमच्या भल्याचंच करत असतो. गिट २.२०च्या आधी फेच अशा वेळी तुमच्याकडचा टॅग गुपचूप बदलून टाकायचं. ‘गिट फेच --टॅग्ज --फोर्स’ चालवायच्या आधी नवा टॅग बाजूला उतरवून घ्या:

गिट फेच अपस्ट्रीम रेफ्स/टॅग्ज/व्ही१.३:रेफ्स/तपास/व्ही१.३
गिट डिफ --स्टॅट व्ही१.३ रेफ्स/तपास/व्ही१.३

काहीच फरक नाही आला तर अपस्ट्रीमने टॅगवर सही केली असेल किंवा संदेश सुधारला असेल, निर्धास्तपणे घ्या. आवृत्तीचा आकडा राहिला होता म्हणून एक कमिट घुसवलंय, असंही बऱ्याचदा असतं. तुम्ही १.३ अजून अपलोड केली नसेल तर नवी घ्या. केली असेल तर संग्रहातलीच १.३ खरी, आणि अपस्ट्रीमला इश्यू उघडून १.३.१ काढायची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात. प्रकाशित टॅग हलवल्याने काय होतं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

टॅग आणि टारबॉल यांच्यात फरक असणं मात्र नेहमीचंच. ऑटोटूल्स वापरणाऱ्या प्रकल्पात ‘कॉन्फिगर’, ‘मेकफाइल.इन’ आणि काही एम४ फायली फक्त टारबॉलमध्ये असतात. उलटही होतं: अपस्ट्रीमच्या ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मध्ये ‘टेस्ट्स/ एक्सपोर्ट-इग्नोर’ लिहिलेलं असतं, म्हणून टारबॉलमध्ये टेस्ट नसतात आणि तुमच्या बिल्डमध्ये टेस्टची पायरी फुटते. ‘एक्सपोर्ट-सबस्ट’ आणखी खोडकर. आर्काइव्ह बनवताना तो फायलीत कमिटचा हॅश किंवा ब्रँचची नावं घालतो. ब्रँचची नावं घातली तर उद्या एक नवी ब्रँच निघाली की त्याच टॅगचा टारबॉल बदलतो.

हा फरक डोळ्यांखालून घालण्याचं महत्त्व २९ मार्च २०२४ नंतर कुणाला पटवून द्यावं लागत नाही. एक्सझेड युटिल्स या फायली दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जे मागचं दार (बॅकडोअर) होतं, त्याला बिल्डमध्ये चालू करणारी ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’ ही बदललेली फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. तिने उघडलेला माल टेस्टच्या दोन फायलींत दडवलेला होता आणि त्या मात्र गिटमध्ये होत्या. तेव्हा प्रत्येक आयातीनंतर

गिट डिफ --स्टॅट व्ही१.३ अपस्ट्रीम/१.३

ही एक ओळ चालवा. यादीत काय अपेक्षित आहे ते दोन-तीन आवृत्त्यांनंतर पाठच होतं, मग नवी फाइल खटकते. ‘जीबीपी.कॉन्फ’मध्ये ‘अपस्ट्रीम-व्हीसीएस-टॅग’ हा पर्याय भरला तर आयातीचं कमिट अपस्ट्रीमच्या खऱ्या इतिहासालाही जोडलं जातं. ‘गिट ब्लेम’ आणि ‘गिट बायसेक्ट’ मग पॅकेजच्या रिपॉझिटरीत चालतात. मी तरी प्रत्येक नव्या पॅकेजला तो लावावा म्हणेन.

‘अनएक्स्पेक्टेड अपस्ट्रीम चेंजेस’

सोर्स पॅकेज बांधणारा डीपीकेजी-सोर्स बिल्डच्या वेळी काय करतो? ओरिग उलगडतो, ‘डेबियन/पॅचेस’ मधले पॅच एकेक करून लावतो, आणि जे तयार झालं ते तुमच्या कामाच्या फोल्डरशी ताडून बघतो. ‘डेबियन’ फोल्डरच्या बाहेर कुठेही फरक दिसला की मथळ्यातली एरर देऊन थांबतो आणि ‘टीएमपी’त एक डिफ ठेवतो. ती डिफ फाइल उघडून वाचा. निदान निम्मं तिथेच होतं.

त्याआधी किंवा त्यानंतर एक तपासणी, जी पॅकेजिंगमधली सगळ्यात उपयुक्त ओळ आहे असं माझं मत:

गिट डिफ अपस्ट्रीम/१.२ डेबियन/लेटेस्ट -- . ':!डेबियन'

पॅच न चढवलेल्या मांडणीत या आज्ञेने काहीही छापता कामा नये. एक ओळही नाही. काही आलं, तर कुणीतरी अपस्ट्रीमची फाइल थेट पॅकेजिंगच्या ब्रँचवर बदलून कमिट केलीय. मर्ज रिक्वेस्टमधून हे फार वेळा येतं, कारण बाहेरच्या माणसाला क्विल्टची भानगड ठाऊक नसते. त्याला फाइल दिसली, त्याने सुधारली. ते कमिट पॅच बनवायचं आणि ब्रँचवरची फाइल पूर्ववत करायची (‘पीक्यू’ म्हणजे पॅच-क्यू, पॅच कमिटांच्या रूपात मांडणारी वेगळी ब्रँच):

गिट चेकआउट डेबियन/लेटेस्ट
गिट चेकआउट अपस्ट्रीम/१.२ -- एसआरसी/मेन.सी
गिट कमिट -एम "अपस्ट्रीमची फाइल पूर्ववत"
जीबीपी पीक्यू इम्पोर्ट
गिट चेरी-पिक <ते कमिट>
जीबीपी पीक्यू एक्सपोर्ट

क्रम महत्त्वाचा. आधी चेरी-पिक केलं तर बदल तिथे आधीच असल्याने कमिट रिकामं येतं.

वरची आज्ञा गप्प बसली आणि तरी डीपीकेजी-सोर्स ओरडतोय? मग कमिट न झालेला कचरा आहे: ‘.एमओ’ फायली, ‘एग-इन्फो’ फोल्डर, टेस्टने मागे टाकलेले लॉग. पहिला बिल्ड होतो, दुसरा फुटतो, हे त्याचं हमखास लक्षण. ‘गिट क्लीन -एक्सडीएन’ने यादी बघून मग ‘-एक्सडीएफ’ने साफ करता येतं, पण ते आजच्यापुरतं. कायमचा उपाय म्हणजे त्या फायलींची नावं ‘डेबियन/क्लीन’मध्ये लिहिणं. जीबीपीला ‘--गिट-एक्सपोर्ट-डिर=../बिल्ड-एरिया’ सांगितलं तर बिल्ड वेगळ्याच फोल्डरमध्ये होतो आणि हा त्रास दिसत नाही. दिसत नाही, एवढंच. पॅकेज दोनदा बिल्ड होत नाही ही चूक असते तिथेच असते. ‘एक्स्टेंड-डिफ-इग्नोर’ने फरक झाकण्याचा पर्यायही आहे, पण खरा बदल त्याखाली दडून गेला की पाठवलेल्या सोर्समध्ये तो नसतोच आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

तिसरं कारण क्वचित येतं पण डोकं खातं. टारबॉल हाताने उलगडून ‘गिट अॅड .’ केलं, आणि अपस्ट्रीमच्याच ‘.गिटइग्नोर’मध्ये ‘कॉन्फिगर’ होतं. ती फाइल कमिटमध्ये शिरलीच नाही. म्हणून आयात नेहमी ‘जीबीपी इम्पोर्ट-ओरिग’नेच करायची, ते अशा फायली जबरदस्तीने घेतं.

विंडोजवर वाढलेल्या प्रकल्पात ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मधलं ‘ईओएल=सीआरएलएफ’ असाच छळ करतं: नुकताच केलेला क्लोन आणि ‘गिट स्टेटस’ पन्नास फायली बदललेल्या दाखवतं. ‘जीबीपी सेटअप-गिटअॅट्रिब्यूट्स’ एकदा चालवा. ते ‘.गिट/इन्फो/अॅट्रिब्यूट्स’मध्ये नियम लिहून अपस्ट्रीमचे नियम निष्प्रभ करतं, म्हणजे बाइट जसेच्या तसे राहतात.

पॅच नव्या आवृत्तीवर बसवणं

योग्य क्रम असा: आधी जुन्या आवृत्तीवर ‘जीबीपी पीक्यू इम्पोर्ट’, मग पॅकेजिंगच्या ब्रँचवर परत येऊन ‘जीबीपी इम्पोर्ट-ओरिग --युस्कॅन’ (युस्कॅन अपस्ट्रीमची नवी आवृत्ती शोधतं), मग ‘जीबीपी पीक्यू रिबेस’, शेवटी ‘जीबीपी पीक्यू एक्सपोर्ट’. पहिली पायरी बहुतेक जण विसरतात. नवी आवृत्ती आधीच मर्ज झालेली असते आणि जुने पॅच नव्या सोर्सवर बसत नाहीत, त्यामुळे इम्पोर्टच फुटतो. त्यासाठी

जीबीपी पीक्यू --टाइम-मशीन=१० इम्पोर्ट

पॅच जिथे नीट बसतात असं कमिट ते मागे मागे जाऊन शोधतं, दहा कमिटांपर्यंत. सापडलं की तिथे क्यू बांधतं आणि मग रिबेस नेहमीसारखा करता येतो.

रिबेसमधल्या कॉन्फ्लिक्टमध्ये ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ उलटे वाटतात, हे माहीत असूनही लोक फसतात. रिबेस म्हणजे नव्या पायावर तुमचे पॅच एकेक ठेवत जाणं, म्हणून ‘अवर्स’ म्हणजे अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचाच पॅच. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘झेडडिफ३’ द्या (गिट २.३५पासून आहे, जुन्यावर ‘डिफ३’). मधल्या भागात मूळ मजकूरही दिसतो, त्यामुळे अपस्ट्रीमने काय बदललं आणि पॅचने काय, हे वेगळं कळतं. तेवढं कळलं की बहुतेक कॉन्फ्लिक्ट दोन मिनिटांचं काम असतं. ते न बघता नुसते खुणेचे बाण पुसत बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. ‘रेरेरे.एनेबल्ड’ही चालू ठेवा, म्हणजे रिबेस अर्ध्यात सोडून परत सुरू केला तरी आधी सोडवलेले कॉन्फ्लिक्ट आपोआप सुटतात.

पॅच अपस्ट्रीमने जसाच्या तसा घेतला असेल तर कमिट रिकामं होऊन गळून पडतं. थोडा बदलून घेतला असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो. अशा वेळी घाईने दोन्ही बाजू ठेवल्या की तीच तपासणी सोर्समध्ये दोनदा येते, बिल्ड होतो आणि चूक कुणाला दिसत नाही. ‘गिट रिबेस --स्किप’ करण्याआधी अपस्ट्रीमचा तो बदल वाचा. सगळं झाल्यावर जुनी आणि नवी क्यू शेजारी ठेवून बघायला

गिट रेंज-डिफ <जुना पाया>..<जुनं टोक> <नवा पाया>..<नवं टोक>

ही आज्ञा गिट २.१९पासून आहे. पॅचचा पॅच दाखवते. वाचायला सवय लागते, पण कुठला पॅच नकळत बदलला हे दुसरं काहीच इतकं स्वच्छ सांगत नाही. जुनं टोक सापडावं म्हणून रिबेसच्या आधी एक टॅग लावून ठेवा.

‘माझ्याकडे क्विल्ट पुश चालतं, पण बिल्ड फुटतो’ याचं उत्तर फझमध्ये आहे. क्विल्ट आजूबाजूच्या दोन ओळींपर्यंतचा फरक चालवून घेतं. डीपीकेजी-सोर्स पॅच लावताना शून्य फझ मागतो. जो पॅच ‘विथ फझ’ म्हणून बसला त्यावर ‘क्विल्ट रिफ्रेश’ करायचं, किंवा पीक्यूमधून एक्सपोर्ट करायचं. आणि ‘जीबीपी.कॉन्फ’मध्ये ‘पॅच-नंबर्स = फॉल्स’ लिहा. नाहीतर मध्ये एक पॅच घातला की पुढच्या सगळ्या फायलींचे क्रमांक सरकतात आणि मर्ज रिक्वेस्टमध्ये नसलेला फरक डोंगराएवढा दिसतो.

मजकुरी फायली आणि आवृत्तीचे आकडे

‘डेबियन/चेंजलॉग’मध्ये प्रत्येक जण वरतीच लिहितो, म्हणून प्रत्येक मर्जमध्ये तिथे कॉन्फ्लिक्ट ठरलेला. त्यासाठी डीपीकेजी-देव पॅकेजसोबत ‘डीपीकेजी-मर्जचेंजलॉग्ज’ येतो. ‘.गिट/इन्फो/अॅट्रिब्यूट्स’मध्ये चेंजलॉगच्या नावापुढे ‘मर्ज=डीपीकेजी-मर्जचेंजलॉग्ज’ लिहा आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये त्या नावाचा ड्रायव्हर नोंदवा; ड्रायव्हरची नेमकी ओळ त्याच्या मॅन पानावर आहे. तो नोंदी आवृत्तीनुसार लावतो.

मराठी भाषांतराच्या ‘एमआर.पीओ’ फायलींवर काम करणाऱ्यांना दुसरा त्रास माहीत असेल. भाषांतराची एक ओळ बदललेली नाही, तरी शेकडो ओळींचा कॉन्फ्लिक्ट. कारण प्रत्येक वाक्यावर सोर्सफाइल आणि ओळक्रमांकाची टीप असते, आणि सोर्समध्ये वर एक ओळ वाढली की खालचे सगळे क्रमांक सरकतात. हे हाताने सोडवू नका:

गिट शो :२:पीओ/एमआर.पीओ > आपली.पीओ
गिट शो :३:पीओ/एमआर.पीओ > त्यांची.पीओ
एमएसजीकॅट --यूज-फर्स्ट आपली.पीओ त्यांची.पीओ > पीओ/एमआर.पीओ
एमएसजीमर्ज --अपडेट पीओ/एमआर.पीओ पीओ/फू.पॉट
एमएसजीएफएमटी --चेक --स्टॅटिस्टिक्स -ओ /देव/नल पीओ/एमआर.पीओ

ज्या वाक्याची दोन भाषांतरं असतील तिथे पहिल्या फायलीतलं राहतं, म्हणून क्रम विचार करून द्या. शेवटच्या आज्ञेत ‘फझी’, म्हणजे अंदाजाने जुळवलेल्या आणि तपासायच्या राहिलेल्या वाक्यांचा आकडा अचानक वाढलेला दिसला तर थांबा, फझी वाक्यं ‘.एमओ’मध्ये जात नाहीत आणि वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसतं. पुन्हा हे होऊ नये म्हणून ‘--अॅड-लोकेशन=फाइल’ वापरा, म्हणजे टीपेत फक्त फाइलचं नाव राहतं. जाता जाता: फायलींची नावंच देवनागरीत असतील तर ‘गिट स्टेटस’ ‘म’च्या जागी \३४०\२४४\२५६ असं काहीतरी दाखवतं. फाइल बिघडलेली नसते. ‘कोअर.कोटपाथ’ ‘फॉल्स’ केलं की नाव नीट दिसतं.

सीआयमध्ये, म्हणजे पुशनंतर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये, आवृत्ती ‘०.१.देव१’ अशी येते किंवा ‘नो नेम्स फाउंड, कॅनॉट डिस्क्राइब एनीथिंग’ येतं, तेव्हा क्लोन उथळ आहे. गिटहबची चेकआउट क्रिया एकच कमिट आणते आणि गिटलॅब नव्या प्रकल्पांना २० कमिटांपर्यंतचा इतिहास देतं. शेवटचा टॅग त्याच्या मागे राहिला की ‘गिट डिस्क्राइब’ आंधळं होतं. डेबियनच्या रिपॉझिटरी जिथे असतात ते साल्साही गिटलॅबच आहे. ‘गिट_डेप्थ’ शून्य ठेवा किंवा जॉबमध्ये ‘गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज’ चालवा. खुद्द डेबियनच्या बिल्डमध्ये मात्र ‘.गिट’ नसतंच, त्यामुळे सेटअपटूल्स-एससीएम वापरणाऱ्या पायथन पॅकेजला आकडा हातात द्यावा लागतो: ‘सेटअपटूल्स_एससीएम_प्रिटेंड_व्हर्जन’ हे चल ‘डेबियन/रूल्स’मधून चेंजलॉगच्या आवृत्तीवरून भरता येतं.

कंटेनरमध्ये बिल्ड करताना ‘डीटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’ आलं तर रिपॉझिटरीचा मालक आणि चालवणारा यूजर वेगळे आहेत. एप्रिल २०२२च्या २.३५.२ आवृत्तीपासून गिट हे तपासतं. ‘सेफ.डिरेक्टरी’त तो एक मार्ग टाका. तारांकित चिन्ह टाकून सगळंच मोकळं करू नका, निदान स्वतःच्या मशीनवर तरी.

मागे फिरायचं असेल तर

चुकीचा टारबॉल आयात झाला आणि अजून पुश केलेला नाही, अशा वेळी चार गोष्टी मागे न्याव्या लागतात, आणि लोक तीनच नेतात. आयात अर्ध्यात फुटली तर जीबीपी स्वतःच सगळं पूर्ववत करतं. नीट पार पडलेली चुकीची आयात मात्र तुमची तुम्हालाच काढावी लागते:

गिट चेकआउट डेबियन/लेटेस्ट
गिट रीसेट --हार्ड <आयातीआधीचं कमिट>
गिट ब्रँच -एफ अपस्ट्रीम/लेटेस्ट अपस्ट्रीम/१.२
गिट टॅग -डी अपस्ट्रीम/१.३
गिट ब्रँच -एफ प्रिस्टीन-टार प्रिस्टीन-टार~१

शेवटची ओळ चालवण्याआधी ‘गिट लॉग प्रिस्टीन-टार’ बघून खात्री करा. आयातीआधीचं कमिट ‘गिट रीफ्लॉग डेबियन/लेटेस्ट’मध्ये मिळतं. रीफ्लॉगमधल्या नोंदी डीफॉल्टने ९० दिवस राहतात, आणि ब्रँचच्या आताच्या टोकावरून पोचता न येणाऱ्या कमिटांच्या ३० दिवस. म्हणजे कालची चूक नक्की परत मिळते, मागच्या पावसाळ्यातली नाही.

पुश झालेलं असेल तर इतिहास बदलण्याऐवजी ‘रीव्हर्ट’ बरा. फोर्स करायचंच झालं तर ‘--फोर्स-विथ-लीज’, आणि तेही एक गोष्ट लक्षात ठेवून: एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर लीजची राखण निरुपयोगी ठरते, कारण दुसऱ्याचं नवं कमिट तुम्ही न बघताच ‘बघितलेलं’ धरलं जातं. गिट २.३०पासून सोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ देता येतं, ते ही फट बुजवतं.

आणि पॅकेज अपलोडही होऊन गेलं असेल, तर गिटमधली कुठलीही आज्ञा उपयोगाची नाही. संग्रहात आवृत्तीचा आकडा फक्त वर जातो. एक्सझेडच्या वेळी डेबियनने तेच केलं: सोर्स ५.४.५चा, पण आवृत्ती ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या एपीटीच्या लेखी ती ५.६.१हून मोठी, आणि आत जुना, विश्वासातला सोर्स. असं पॅकेज तुमच्या वाट्याला आलं तर ओरिगचं नाव आणि अपस्ट्रीम टॅग दोन्ही त्याच लांबलचक आकड्याचे ठेवा. टॅगच्या नावात + चालतो, ~ आणि : चालत नाहीत, म्हणून डेप-१४ त्यांच्या जागी अनुक्रमे _ आणि % लिहायला सांगतं. युस्कॅनचंही बघा. ‘५.६.१+रिअली५.४.५’ हा आकडा ५.४.६पेक्षा मोठा भरतो, त्यामुळे अपस्ट्रीमने ५.४.६ काढली तरी युस्कॅन गप्प राहील; ‘डेबियन/वॉच’मध्ये ‘डीव्हर्जनमँगल’ने ‘+रिअली’पर्यंतचा भाग कापा, आणि ज्या मालिकेतल्या आवृत्त्या हव्यात तेवढ्याच पॅटर्नमध्ये ठेवा.